दाव्याला बांधलेला कॅमेरा

जबलपूरहून भेडाघाटच्या वाटेला लागले म्हणजे मध्येच तेवर नावाचे गाव लागते. कलचुरी राजांची त्रिपुरी ती हीच. १९३९ साली राष्ट्रसभेचे जे अधिवेशन जबलपूरजवळ भरले, त्यालाही त्रिपुरीचेच नाव मिळाले होते. आज प्रवासी येथे फारसा थांबत नाही. त्याला ओढ असते ती पुढच्या संगमरवरी कड्यांची आणि धुवांधार धबधब्याची. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना दगडी वस्तूंची दुकाने आहेत. गणपती, नंदी, शिवलिंगे, दिवे, मुलांना आवडतील असे हत्तीघोडे! दुकानांच्या आडबाजूला छिन्नीचा आवाज चालू असतो आणि काम करणाऱ्यांच्या भुवयासुद्धा भुकटीने पांढऱ्या झालेल्या असतात. जबलपूरच्या या शिल्पकामाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

२०२५ च्या डिसेंबरात अशाच एका कार्यशाळेत मी एक सकाळ घालविली. निमित्त माझ्या भाचीचे होते. ती जबलपुरातच राहते आणि विक्रीच्या वस्तूंची छायाचित्रे काढून देण्याचा व्यवसाय करते. भिंतीशी एक पांढरा कापडी पडदा टांगला होता. त्याच्यापुढे हातभर उंचीची गणेशमूर्ती. समोर तिकाटण्यावर कॅमेरा. कॅमेऱ्यातून निघालेली पिवळी केबल तिकाटण्याच्या पायाशी एकदा गुंडाळून बाजूच्या स्टुलावरच्या लॅपटॉपमध्ये शिरली होती. भाचीने लॅपटॉपची एक कळ दाबली, कॅमेरा हलकेच वाजला आणि क्षणभरात मूर्ती पडद्यावर मोठी होऊन उमटली. वृद्ध कारागीर हातातले काम टाकून जवळ आला, डोळे बारीक करून पाहू लागला आणि म्हणाला, “बिटिया, सोंड के नीचे अभी काम बाकी है.” सोंडेखाली छिन्नीचा एक ओरखडा राहून गेला होता. कॅमेऱ्याच्या पाठीवरील तीन इंचांच्या पडद्यावर तो कोणालाच दिसला नव्हता. मूर्ती खाली उतरली, पॉलिश कागद फिरला आणि मूर्ती पुन्हा चौरंगावर बसली.

कॅमेरा केबलने संगणकाशी जोडून छायाचित्रे घेण्याच्या या रीतीला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा मूळ अर्थ दाव्याने बांधणे असा आहे. गाय दाव्याला बांधावी तसा कॅमेरा संगणकाला बांधलेला! नाव विनोदी वाटले तरी कल्पना जुनीच आहे. आपल्या आजोबांच्या काळातला छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून घासलेल्या काचेवर उलटे पडलेले चित्र न्याहाळीत असे. प्लेट खर्ची घालण्यापूर्वी सर्व काही मोठ्या आकारात पाहून घ्यावे, हाच त्याचा हेतू. पुढे १९४८ साली पोलरॉइडचा झटपट चित्र देणारा कॅमेरा बाजारात आला, तेव्हा स्टुडिओवाले खरे चित्र घेण्याआधी एक झटपट नमुना काढून पाहू लागले. १९९१ साली कोडॅकने वृत्तछायाचित्रकारांसाठी जो पहिला डिजिटल कॅमेरा विक्रीस आणला, तो तर जन्मतःच दाव्याला बांधलेला होता. निकॉनच्या कॅमेऱ्यातून निघालेली तार खांद्यावर अडकविलेल्या जड पेटीत जात असे आणि त्या पेटीतील २०० मेगाबाइटच्या डिस्कवर १५६ चित्रे मावत. आज तेवढ्या जागेत एका साध्या कॅमेऱ्याची सातआठ चित्रेही कशीबशी बसतील.

भाचीला हा खटाटोप का करावा लागला, तेही सांगितले पाहिजे. आदल्या वर्षी तिने एका कारागिराने घडविलेल्या दोन फुटी नंदीची छायाचित्रे घेतली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती उत्तम दिसली. रात्री घरी येऊन दुसऱ्याच्या संगणकावर पाहते तो काय, नंदीच्या पायाखालचे जोते रेखीव आणि मुख धूसर! दुसऱ्या दिवशी सकाळी धावत गेली, तर नंदी पेटीत ठोकून, गवताच्या पेंढ्यात गुंडाळून गिऱ्हाइकाकडे रवाना झालेला. कारागिराने त्या नंदीवर दीड महिना घालविला होता. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्याच्याजवळ काहीच उरले नाही. त्याने एक पैसा कापून घेतला नाही की कटू शब्द काढला नाही. पण तिला ते फार लागले. तिने त्याच दिवशी ठरविले, की आता लॅपटॉप घ्यायचाच.

पैसे होते पंचेचाळीस हजार. त्यांतले वीस हजार तिने साठविलेले आणि पंचवीस हजार तिच्या आईला लागलेल्या भिशीचे. चूक झाली तर दुसरा लॅपटॉप घेण्याची सोय नव्हती. तिने मला फोन केला आणि म्हणाली, “मामा, सगळे म्हणतात गेमिंगचा घे. तो सर्वांत शक्तिमान असतो म्हणे.”

हा सल्ला आजकाल सर्रास दिला जातो आणि तो अगदीच निराधार आहे असेही नाही. खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपात चित्र रंगविणारा स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर असतो. छायाचित्रांतील रवाळपणा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काढून टाकणाऱ्या नव्या सोयी हाच प्रोसेसर वापरतात. रात्रीच्या लग्नसमारंभाची शेकडो चित्रे ज्याला अशी धुवावी लागतात, त्याला त्याचा मोठा उपयोग होईल. परंतु तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, दिवे लावून, एकेका मूर्तीची पाचदहा चित्रे घेणाऱ्याला रवाळपणाचा त्रास मुळातच नसतो. मग ज्या अवयवाचा उपयोग नाही त्याच्यापायी पैसे द्यायचे, वजन वाहायचे, बॅटरी लवकर संपवायची आणि पंख्याची घरघर ऐकायची! शिवाय कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपात प्रोसेसर भारी देऊन काटकसर नेमकी पडद्यात केलेली पुष्कळदा आढळते. आपल्या कामाला पडदाच तर मुख्य.

लॅपटॉप पाहण्याआधी मी तिला कॅमेऱ्याच्या कुशीवरचे रबरी झाकण उघडायला सांगितले. खरी निवड तेथून सुरू होते. कॅमेरा ज्या वेगाने चित्र बाहेर ढकलू शकतो, त्याहून वेगाने ते घेणारा लॅपटॉप कितीही महाग असला तरी उपयोगाचा नाही. तिचा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, काही वर्षांपूर्वीचा. त्याचे केबलचे तोंड यूएसबी २.० जातीचे. या जातीचा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठांनी भागले तर ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात मिळतात तीस-पस्तीस. अशा कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कोणतीही काटछाट न केलेले मूळ चित्र, पंचवीस ते तीस मेगाबाइटची असते. तेव्हा एक चित्र पोहोचायला साधारण एक सेकंद लागतो, कॅमेरा मंद असला तर दोन-तीन. दोन चित्रांमध्ये मूर्ती फिरवायला आणि दिवा सरकवायला दोन मिनिटे जात असतील, तर या दोन सेकंदांचे सुतक कशाला? यूएसबी ३ जातीचा कागदी वेग सेकंदाला पाच गिगाबिट, म्हणजे दहापटीहून अधिक. पण तो मिळण्यासाठी कॅमेरा, केबल आणि लॅपटॉप तिन्ही त्या जातीचे असावे लागतात. पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन धावत्या मॉडेलची चित्रे घेणाऱ्याने या गोष्टीचा जरूर विचार करावा.

येथे एक फसगत संभवते. तोंडाचा आकार आणि त्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टाइप-सी म्हणून ओळखले जाणारे लहान, दोन्ही बाजूंनी बसणारे तोंड दिसले की ते वेगवान असणार असे आपण गृहीत धरतो. कॅननचा आर५० हा २०२३ साली आलेला कॅमेरा पाहा: तोंड टाइप-सी, वेग मात्र यूएसबी २.० चाच. केबलचेही तसेच. मोबाइलबरोबर मिळणाऱ्या कित्येक टाइप-सी केबली मुख्यतः बॅटरी भरण्यासाठी असतात आणि चित्रे मंद गतीनेच वाहतात.

दुसरी चौकशी सॉफ्टवेअरची. कॅननची ईओएस युटिलिटी, निकॉनचे एनएक्स टेदर, फुजीफिल्मचे एक्स ॲक्वायर ही कंपन्यांनी मोफत दिलेली साधने आहेत. विंडोजसाठी डिजिकॅमकंट्रोल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि लिनक्सवर डार्कटेबलमध्येच ही सोय मिळते. लाइटरूम आणि कॅप्चर वन ही व्यावसायिकांची आवडती साधने. पण त्यांना दाम मोजावे लागते. कोणतेही साधन प्रत्येक कॅमेऱ्याला चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येकाची कॅमेऱ्यांची यादी असते. त्या यादीत आपल्या कॅमेऱ्याचे नाव आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. भाचीच्या कॅमेऱ्याचे नाव मोफत साधनाच्या यादीत निघाले आणि आमचा एक खर्च टळला.

आता पडद्याविषयी. याबाबतीत जबलपूरच्या दोन धंद्यांनी मला जे शिकविले, ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नसते. भाचीकडे दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक भेडाघाटचे शिल्पकार आणि दुसरे शहरातले सलवार सूट शिवणारे. तयार कपड्यांचा, विशेषतः सलवार सुटांचा, व्यवसाय जबलपुरात मोठा आहे. दोघांनाही चित्र ‘खरे’ हवे असते. पण खरेपणाचा अर्थ दोघांचा वेगळा.

पांढऱ्या दगडाला रंग जवळजवळ नसतोच. त्याचे सारे सौंदर्य पांढऱ्यापासून करड्यापर्यंतच्या बारीक छटांत असते. गालाची गोलाई, पापणीची कड, पितांबराची चुणी हे सर्व छायेच्या नाजूक पायऱ्यांनी उभे राहते. पडदा या पायऱ्या गिळून टाकणारा असला, तर चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा सपाट दिसतो. मग छायाचित्रकार विनाकारण दिवा बदलतो आणि चांगले चित्र बिघडवितो. जुन्या स्वस्त लॅपटॉपांत टीएन जातीचे पडदे असत. त्यांच्याकडे समोरून पाहिले तर एक दिसते, झाकण जरा मागे लवविले की दुसरेच. कार्यालयात पत्रे लिहिणाऱ्याला याने काही बाधत नाही. पण येथे लॅपटॉपसमोर एकटा छायाचित्रकार नसतो. त्याच्या खांद्यावरून कारागीर पाहत असतो, बाजूला त्याचा मुलगा उभा असतो, कधी फोनवरून भाव ठरविणारा दुकानदारही वाकून बघतो. तिघांना तीन मूर्ती दिसल्या तर बोलणेच खुंटते. म्हणून आयपीएस जातीचा, कोणत्याही कोनातून सारखा दिसणारा पडदा आणि निदान १९२० गुणिले १०८० बिंदूंची रेखीवता, या बाबतीत मी तडजोड करू नये असे म्हणेन.

सुटाचे प्रकरण निराळे. राणी रंग, मोरपंखी, गर्द लाल या रंगांना पडद्याची रंगपेटीच मोठी लागते. स्वस्त लॅपटॉपांच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे शब्द आढळतात. त्याचा सरळ अर्थ असा, की महाजालावर सर्वत्र चालणाऱ्या एसआरजीबी या रंगपेटीतील सुमारे दोन-तृतीयांशच रंग हा पडदा दाखवू शकतो. राणी रंग त्यावर विटका दिसतो. छायाचित्रकाराला वाटते चित्रच फिके आले. तो रंग चढवितो. आणि गिऱ्हाइकाच्या चांगल्या मोबाइलवर तोच सूट डोळ्यांत खुपेल इतका भडक होतो. माल घरी पोहोचतो तेव्हा कापड वेगळे, चित्र वेगळे; सूट परत येतो आणि दोन्ही वेळच्या टपालखर्चाचा भुर्दंड शिवणाऱ्याला बसतो. तेव्हा ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द शोधावेत. एकाच नावाचा लॅपटॉप कंपनी दोन-तीन प्रकारच्या पडद्यांसह विकते, त्यामुळे नाव ऐकून समाधान मानू नये.

असा पडदा असलेला लॅपटॉप आमच्या पैशांत बसेना. तेव्हा एक मधला मार्ग निघाला. भेडाघाटला नेण्यासाठी आयपीएस पडद्याचा साधा लॅपटॉप घ्यायचा आणि सुटांची कामे घरीच होत असल्याने घरी एक चोवीस इंची, पूर्ण एसआरजीबी रंगांचा वेगळा मॉनिटर त्याला जोडायचा. लॅपटॉपचा पडदा एक पायरी सुधारायला जे पैसे लागत होते, त्याहून कमी पैशांत हा मॉनिटर येत होता. ज्यांचे काम एका जागी चालते त्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. पुढेमागे लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर राहतो.

रॅम आणि डिस्क यांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. आठ गिगाबाइट रॅमवर काम होते, पण रेंगाळते, सोळा असावी. काही पातळ लॅपटॉपांत रॅम कायमची जडविलेली असते, ती नंतर वाढविता येत नाही. डिस्क एसएसडी जातीचीच हवी, ५१२ गिगाबाइटची पुरते. दिवसाला तीनशे चित्रे घेतली तरी नऊ गिगाबाइट होतात.

राहिला प्रश्न नवा की वापरलेला. मी स्वतः वापरलेल्याच्या बाजूचा आहे, पण डोळे उघडे ठेवून. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा नावांचे हे लॅपटॉप दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीस येतात. ते दिसायला ओबडधोबड. पण त्यांची बिजागरे घट्ट असतात, बहुतेकांचा तळ साध्या स्क्रूंनी उघडतो आणि त्यांना पुरेशी तोंडे असतात. तोंडांची संख्या ही क्षुल्लक बाब नव्हे. एकाला कॅमेरा, दुसऱ्याला बाहेरची डिस्क, तिसऱ्याला वीज. एक-दोनच तोंडे असलेल्या सुंदर पातळ लॅपटॉपाला मध्ये जोडफळी लावावी लागते आणि कॅमेऱ्याची केबल अशा जोडफळीतून नेली की संबंध वारंवार तुटतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. केबल थेट लॅपटॉपातच लावलेली बरी.

वापरलेला घेताना एक तारीख लक्षात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी, थोडे अपवाद सोडता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही तारीख जवळ आल्यावर सातव्या पिढीचे आणि त्याआधीचे लॅपटॉप बाजारात स्वस्त झाले. दुकानदार ते आग्रहाने पुढे करतात. मोह होतो. परंतु लिनक्स वापरण्याची तयारी असेल तरच तो मोह धरावा. शिवाय सातव्या पिढीच्या पातळ लॅपटॉपांतील आय-फाइव्हला दोनच कोअर होते, आठव्या पिढीत ते चार झाले; चित्रे उघडण्याच्या कामात हा फरक चांगलाच जाणवतो. ॲपलचा २०२० साली आलेला एम१ मॅकबुक एअर हाही आम्ही विचारात घेतला होता. त्याला पंखाच नाही, म्हणून दगडाची भुकटी आत ओढली जाण्याचे भय कमी, आणि पडदाही सुरेख. पण आमच्या पैशांत येणारा आठ गिगाबाइटचा, तोंडे दोनच, आणि मॉनिटरसाठी काही उरेना. ज्याच्याजवळ थोडे अधिक आहे, त्याने त्याचा विचार जरूर करावा.

जबलपुरात संगणकाची बरीच दुकाने मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये एकवटली आहेत. तेथे जाताना भाचीने सोबत काय घेतले? आपला कॅमेरा, आपली केबल आणि एक गडद राणी रंगाचा दुपट्टा. पहिल्या दोन दुकानांत लोक हसले. तिसऱ्या दुकानातील तरुणाने मात्र कुतूहलाने टेबल रिकामे करून दिले. तिने मोफत साधन तेथेच उतरवून घेतले, कॅमेरा जोडला आणि न थांबता शंभर चित्रे घेतली. सत्तराव्या चित्राच्या सुमारास संबंध तुटला. केबल दुसऱ्या तोंडात लावली, पुन्हा शंभर घेतली; या वेळी एकदाही तुटला नाही. पहिले तोंड वापराने सैल झाले होते. दुसऱ्या लॅपटॉपाची सगळी तोंडे घट्ट निघाली. मग झाकण मागेपुढे लववून पडद्यावरची करडी पट्टी पाहिली. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते, तो काढला. यंत्र चालू होताना जुन्या मालक कंपनीचे एखादे कुलूप तर मागत नाही ना, हेही पाहिले. शेवटी पक्के बिल आणि सहा महिन्यांची हमी लेखी घेतली. दुपट्टा मॉनिटर निवडताना उपयोगी पडला. चार मॉनिटरांवर त्याचे चित्र आणि शेजारी प्रत्यक्ष दुपट्टा धरून पाहिला, तेव्हा कोणता घ्यायचा हे सांगायला तज्ज्ञ लागला नाही.

अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह, सोळा गिगाबाइट रॅम असलेला लॅपटॉप तीस हजारांना पडला, मॉनिटर आठ हजारांना. दिवाळीच्या थोडे आधीची ही गोष्ट. त्यानंतर जगभर रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा आज हाच हिशेब तंतोतंत जुळेल असे नाही. उरलेले सात हजार भाचीला ‘वाचले’ असे वाटत होते. मी म्हटले, ते आधीच खर्च झाले आहेत असे समज. कारण माझ्यावर एकदा गुदरलेला प्रसंग मी विसरलो नव्हतो. एका जुन्या वाड्यातील पोथ्यांची छायाचित्रे मी अशीच केबल जोडून घेत होतो. चित्रे फक्त संगणकावर उतरत होती. कॅमेऱ्यातील कार्ड रिकामे होते आणि ते माझ्या लक्षात नव्हते. तिसऱ्या दिवशी संगणकाची डिस्क बसली. दोन दिवसांचे काम गेले, आणि वाड्याच्या मालकांनी पोथ्यांचे गाठोडे पुन्हा सोडण्यास नकार दिला. ते आजही सुटलेले नाही.

म्हणून त्या सात हजारांतून सर्वप्रथम एक टेराबाइटची बाहेरची डिस्क आली. सॉफ्टवेअरमध्ये चित्र ‘संगणक व कार्ड’ अशा दोन्ही जागी ठेवण्याचा पर्याय बहुधा असतो; तो निवडून ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर दिवसाची चित्रे त्या डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, असा नेम ठरला. काही कॅमेऱ्यांत मोठी रॉ फाइल कार्डावर ठेवून लहान जेपेग तेवढी लॅपटॉपकडे पाठविता येते. त्याने वेगही वाढतो आणि लॅपटॉप जुना असला तरी चालतो.

मग केबल. यूएसबी २.० च्या साध्या केबलची मर्यादा पाच मीटरांची, यूएसबी ३ ची व्यवहारात तीन मीटरांच्या आसपास. त्यापुढे मध्ये वीज घेऊन संदेश ताजा करणारी केबल लागते. आम्ही तीन मीटरांची चांगली, जाड, भडक पिवळी केबल घेतली. रंग मुद्दामच भडक. काळ्या केबलीत पाय अडकून कॅमेरा तिकाटण्यासकट आडवा होतो, तो खर्च मात्र कुठल्याच हिशेबात नसतो. केबल तिकाटण्याच्या पायाला चिकटपट्टीने एक वेढा देऊन बांधावी, म्हणजे हिसका बसला तर तो पायाला बसतो, कॅमेऱ्याच्या नाजूक तोंडाला बसत नाही. यूएसबीची वीज आपोआप तोडून बॅटरी वाचविण्याची एक सोय विंडोजमध्ये असते, ती बंद करावी. नाहीतर कारागीर मूर्ती फिरवीपर्यंत लॅपटॉप कॅमेऱ्याला विसरून जातो. रंगांची खूण म्हणून एक करडे कार्डही घेतले. ते पहिल्या चित्रात मूर्तीशेजारी धरायचे.

हे सारे घेऊन भाची डिसेंबरात भेडाघाटला आली होती. उन्हात पडदा दिसेना, तेव्हा तिने एका खोक्याचा पुठ्ठा कापून आतून काळा कागद लावला आणि तो लॅपटॉपवर टोपडे घालावे तसा बसविला. कार्यशाळेत वीज गेली, पण बॅटरी तीन तास पुरली. त्रास झाला तो भुकटीचा. दुपारपर्यंत कळांच्या फटी पांढऱ्या झाल्या. तिने रिकाम्या तोंडांना रबरी बुचे लावली होती. पंख्याच्या जाळीवर कापड टाकावे असे तिच्या मनात आले, पण तसे केले तर यंत्र तापेल म्हणून मी तिला थांबविले. शेवटी स्टूलच उचलून वाऱ्याच्या उलट दिशेला, छिन्नीपासून दूर नेले. तीन मीटरांची केबल जेमतेम पुरली.

सोंडेखालचे काम संपवून कारागिराने मूर्ती पुन्हा बसविली होती. भाचीने कळ दाबली. चित्र उमटले, तिने ते पूर्ण मोठे करून सोंडेवर आणले, मग डोळ्यांवर, मग मोदकाच्या हातावर. कारागीर बराच वेळ पाहत राहिला. नंतर आत जाऊन त्याने फळीवरून आणखी एक मूर्ती आणली. ती अपुरी होती. अर्धा चेहरा दगडातच होता. हिचेही एक चित्र काढून मोठे करून दाखव, असे त्याने खुणेने सुचविले. मुलाला शिकवायचे होते, आता छिन्नी कोठे धरायची ते. मुलगा हात पुसून लॅपटॉपसमोर उकिडवा बसला आणि बाप पडद्याला न शिवता बोट फिरवीत त्याला सांगू लागला.